हायड्रोजन अदलाबदलीतून स्थिरता ८.३ येते, ग्वानिडिनमधून ७.०. चूक कुठे शोधू?

साखळीसुटी

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष. माझं प्रथिन छोटं आहे, शंभरेक अमिनो आम्लांचं, एकाच डोमेनचं. डायसल्फाइड नाही, धातू नाही. गाइडच्या भाषेत "सरळमार्गी" प्रथिन. आता ते सरळमार्गी राहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ग्वानिडिन (प्रथिनाची घडी उलगडवणारं रसायन) वाढवत नेऊन ट्रिप्टोफॅनच्या फ्लुरोसन्सवर उलगडण्याचा वक्र काढला. मध्यबिंदू २.५ मोलर, उतार २.८, म्हणजे स्थिरता ७.० किलोकॅलरी प्रति मोल. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. सीडीवरही (घडी मोजायची प्रकाशाची दुसरी पद्धत) तेच. हे सगळं साध्या पाण्यात, पीएच ७, २५ अंश.

मग हायड्रोजन अदलाबदल करायला घेतली, म्हणजे जड पाण्यात प्रथिनाच्या प्रत्येक अमाइडचा (साखळीच्या कण्यातल्या एन-एचचा) हायड्रोजन जाऊन ड्युटेरियम किती वेगाने बसतो ते बघायचं. नायट्रोजन-१५ घातलेलं प्रथिन गोठवून सुकवलं, जड पाण्यातल्या बफरमध्ये विरघळवलं (मीटरवर ७.० दाखवेपर्यंत आम्ल-अल्कली घालून), ट्यूब एनएमआरमध्ये टाकली आणि एकामागून एक एचएसक्यूसी (एनएमआरचा स्पेक्ट्रम, ज्यात प्रत्येक अमाइडचं वेगळं पीक दिसतं आणि ड्युटेरियम बसला की मावळतं) घेत राहिले. पहिला स्पेक्ट्रम पुरा होईपर्यंत १२ मिनिटं गेली होती. पुढचे स्पेक्ट्रम तासातासाने, मग दिवसातून एकदा, असे तीन आठवडे.

हाती आलं ते असं:

मधल्या बीटा पट्ट्यातले सात-आठ अमाइड अतिशय हळू जातात. त्यातल्या एका व्हॅलिनचा वेग सेकंदाला १.० गुणिले १० चा उणे ६ वा घात. मोकळ्या (घडी नसलेल्या) साखळीतला त्याचा वेग तक्त्यावरून सेकंदाला १.२ काढला. गुणोत्तराचा लॉग घेऊन स्थिरता ८.३.

शेवटच्या हेलिक्समधले पाच अमाइड ४.८ ते ४.९.

जवळजवळ तीस अमाइड पहिल्या स्पेक्ट्रमच्या आधीच गायब.

गाइड म्हणतात की एका प्रथिनाची स्थिरता एकच असते, ७ आणि ८.३ दोन्ही बरोबर असू शकत नाहीत, फिटिंग परत कर. फिटिंग चार वेळा केलंय. आकडा हलत नाही. हेलिक्स तर दोन्हींपेक्षा वेगळंच सांगतो. नक्की काय चुकतंय?

अर्धवटराव

माझं मत: अदलाबदलीवर स्थिरतेसाठी विसंबू नये. अमाइड हळू जातो कारण त्याचा हायड्रोजनबंध मजबूत असतो, इतकंच त्यातून कळतं. बीटा पट्ट्यातले बंध मजबूत, हेलिक्समधले कमजोर. तुमच्या आकड्यांचा अर्थ हाच. स्थिरतेसाठी ग्वानिडिनचा वक्र द्या आणि पुढे जा. रिव्ह्यूअरसुद्धा तेच विचारतात.

जुना चुंबक

अर्धवटराव, रागावू नका, पण हे उत्तर मीसुद्धा माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये दिलं होतं आणि समोरच्या रांगेतून जे ऐकावं लागलं ते अजून आठवतं. बंध मजबूत की कमजोर याने अमाइड थांबत नाही. बंध *तुटलेला असताना* पाण्याला तिथवर पोचता येतं, आणि तो किती वेळ तुटलेला असतो यावर सगळा हिशेब आहे. एकाच पट्ट्यातले सात-आठ अमाइड एकच आकडा देतात याचा अर्थ सगळ्यांचे बंध सारखे मजबूत आहेत असा नाही. ते सगळे एकाच घटनेत एकदम उघडे पडतात, म्हणून आकडा एक.

साखळीसुटी, (लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करतोय, चालेल ना?) तुझे दोन्ही आकडे मला पटतात. एक चूक मात्र नक्की आहे, आणि ती दुरुस्त केलीस की आकडे जवळ येण्याऐवजी आणखी लांब जातील. तरीही कर.

चूक मीटरची. काचेचा इलेक्ट्रोड साध्या पाण्यातल्या बफरवर जुळवलेला असतो. तो जड पाण्यात बुडवलास की खऱ्या पीडीपेक्षा (पीडी म्हणजे जड पाण्यातला पीएच) ०.४ कमी दाखवतो. ग्लासो आणि लाँग यांनी हे १९६० मध्येच मोजून ठेवलंय. मीटर ७.० म्हणतो तेव्हा पीडी ७.४ असतो. तू तक्त्यात ७.० घातलास, हे तुझ्या १.२ या आकड्यावरूनच कळतं. या भागात अदलाबदल अल्कलीने होते, पीडी एकाने वाढला की वेग दहापट. ०.४ म्हणजे अडीचपट. तेव्हा तुझ्या व्हॅलिनचा मोकळा वेग १.२ नाही, सुमारे ३. आता लॉग घे: ३ भागिले दहा लाखांश, म्हणजे तीस लाख. त्याचा नैसर्गिक लॉग १४.९, गुणिले ०.५९२ (२५ अंशांचा आरटी, किलोकॅलरीत), बरोबर ८.८.

झालं? सातशी असलेलं अंतर १.३ वरून १.८ वर गेलं. आता गाइडना हे सांगायच्या आधी पुढचं वाच.

हे तीस लाख म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आण. ट्यूबमध्ये कुठल्याही क्षणी तीस लाख रेणू घडीत असतील तर एक उलगडलेला. तो पुढच्या क्षणी परत घडीत जातो, दुसरा कुठला तरी उलगडतो. ग्वानिडिनच्या वक्रात तू या एका रेणूकडे कधीच बघत नाहीस. तू बघतेस ते २ ते ३ मोलरमध्ये, जिथे निम्मेशिम्मे रेणू उलगडलेत, आणि तिथून रेघ मागे शून्यापर्यंत ओढतेस. अदलाबदल शून्य मोलरमध्येच त्या एकाला मोजते. दोन्ही पद्धती "घडी" आणि "उलगडलेलं" यांचीच तुलना करतात, पण दोघींचं "उलगडलेलं" एकच नाही!

इथे प्रोलिन येतो. ग्वानिडिनमध्ये तुझं प्रथिन तास-दोन तास पडून असतं. साखळी सुटते आणि मग प्रत्येक प्रोलिनच्या आधीचा पेप्टाइड बंध सावकाश, सेकंद-मिनिटांच्या हिशेबाने, सिस-ट्रान्स (त्या बंधाच्या दोन ठेवणी) असा फिरत बसतो. उलगडलेल्या अवस्थेला जास्तीची मोकळीक मिळते, ती स्वस्त पडते, म्हणून घडीची स्थिरता कमी दिसते. अदलाबदलीत उघडलेला रेणू काही मिलिसेकंदांत मिटतो. प्रोलिनला फिरायला वेळच मिळत नाही. घडीतला जो सिस तो सिस, ट्रान्स तो ट्रान्स. म्हणून अदलाबदलीचा आकडा वर जातो. स्कोल्ट्झ आणि पेस यांच्या गटाने १९९९ मध्ये पुष्कळ प्रथिनांचे दोन्ही प्रकारचे आकडे शेजारीशेजारी ठेवून दाखवलंय की ही प्रोलिनची आणि जड पाण्याची दुरुस्ती केली की आकडे छान जुळतात.

तेव्हा तुझ्या प्रथिनात प्रोलिन किती, आणि घडीत त्यातले सिस किती, ते सांग. एनएमआर करतेस म्हणजे रचना कुठेतरी असणारच.

आणि आणखी एक, यावर सगळं उभं आहे. वर मी बिनधास्त लॉग घेतला तो ईएक्स-२ गृहीत धरून. म्हणजे रेणू उघडतो आणि बहुतेक वेळा अदलाबदल व्हायच्या आत मिटतो, शेकडो खेपांनंतर एकदा ड्युटेरियम बसतो. मिटण्याचा वेग मोकळ्या वेगापेक्षा बराच जास्त असेल तरच हे खरं. उलट असेल, उघडला की बसलाच, तर तो ईएक्स-१. मग मोजलेला वेग हा नुसता उघडण्याचा वेग असतो आणि त्याचा लॉग घेऊन आलेल्या आकड्याला स्थिरता म्हणणं म्हणजे किलोमीटरला किलो म्हणणं.

हे तपासायला नवा प्रयोगसुद्धा नको. त्या सात-आठ हळू अमाइडमध्ये शेजार बघ. मोकळ्या साखळीत सगळे अमाइड सारखे पळत नाहीत. व्हॅलिन, आयसोल्यूसिनसारखी फांद्यांची शेजारीण असली की हळू, सेरीन, ग्लायसिनच्या आसपास जलद, दहा-वीसपट फरक पडतो. तुझ्या यादीत असा एक जलद आणि एक मंद मिळाला तर त्यांचे *मोजलेले* वेग बघ. तेही त्याच पटीत वेगळे असतील तर ईएक्स-२. मोजलेले वेग एकसारखे निघाले तर ईएक्स-१.

जाता जाता: तीन आठवडे ट्यूब कुठे ठेवली होतीस? माझ्या वेळी एका शनिवार-रविवारी खोलीचं वातानुकूलन बंद राहिलं आणि माझी ट्यूब स्टँडमध्ये उभी होती. सोमवारी बघतो तर सगळ्या हळू अमाइडच्या वक्रात एकाच जागी पायरी. दहा अंशांनी मोकळा वेग तिपटीच्या आसपास वाढतो, आणि उलगडण्याचा समतोलही सरकतो ते वेगळंच. तेव्हापासून माझी ट्यूब पाण्याच्या बाथमध्ये, आणि बाथवर "हात लावू नये" असा कागद.

साखळीसुटी

चालेल की, अगं-तुगंच बरं वाटतं.

ट्यूब २५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये होती, दाराशी थर्मामीटरही आहे. पायरी नाही, आत्ता परत बघितलं.

पीडीचं खरंच चुकलं होतं. लॅबमधल्या जुन्या एक्सेलमध्ये "पीएच" असा रकाना आहे, त्यात सगळेच मीटरचा आकडा घालत आलेत. म्हणजे माझ्या आधीच्यांचंही... असो.

प्रोलिन चार. तीन ट्रान्स, एक सिस. स्फटिकाच्या रचनेतही, एनएमआरमध्येही.

शेजार: पट्ट्यात एक सेरीन आहे, त्याचा मोकळा वेग नव्या पीडीला सुमारे ३०, आणि दोन आयसोल्यूसिन लागोपाठ आहेत, त्यातल्या दुसरीचा १.५. मोजलेल्या वेगांत १८ पटींचा फरक आहे. म्हणजे ईएक्स-२ ना? हे मी रोज बघत होते आणि मला वाटायचं की सेरीनचा डेटा खराब आहे.

जुना चुंबक

ईएक्स-२च. वीसपट अपेक्षित, अठरापट मिळाले, याहून चांगलं कुणाला मिळत नाही. "खराब" सेरीन जपून ठेव, थिसिसमध्ये तोच कामाला येईल.

आता प्रोलिनचा हिशेब कागदावर कर. उलगडलेल्या साखळीत ट्रान्सचं प्रमाण साधारण ९० टक्के, सिसचं १० धरू. (शेजारी कोण आहे यावर ते बदलतं, सुगंधी अमिनो आम्ल आधी असेल तर सिस वाढतो. अंदाजाला एवढं पुरे.) तीन ट्रान्स म्हणजे ०.९ चा घन, ०.७३. त्याला एका सिसचे ०.१ गुण. ०.०७३. म्हणजे ग्वानिडिनमध्ये निवांत पडलेल्या शंभर उलगडलेल्या रेणूंपैकी फक्त सातांमध्ये चारही प्रोलिन घडीत असतात तसे असतात. अदलाबदलीला हे सातच दिसतात, उरलेले त्र्याण्णव नाहीत. याची किंमत: ०.५९२ गुणिले १ भागिले ०.०७३ चा लॉग, १.५५ किलोकॅलरी.

तुझं अंतर १.८. त्यातले १.५५ गेले. उरलेला पाव किलोकॅलरीचा फरक जड पाण्याचा. बहुतेक प्रथिनं जड पाण्यात थोडी जास्त स्थिर असतात, आणि तुझा ग्वानिडिनचा वक्र साध्या पाण्यातला आहे. खात्री करायची तर एक वक्र जड पाण्यात काढ, अर्ध्या दिवसाचं काम.

बहुतेक सगळा भार त्या एका सिसचा आहे हे लक्षात आलं का? तीन ट्रान्स मिळून ०.१९ देतात, एकटा सिस १.३६.

वस्तुमान

मी मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या बाजूचा, मध्ये तोंड घालतो. ईएक्स-१ आणि ईएक्स-२ ओळखायला आमच्याकडे हिशेब लागत नाही, डोळ्यांनी दिसतं. पेप्टाइडच्या समस्थानिकांचा एकच डोंगर हळूहळू उजवीकडे सरकत गेला तर ईएक्स-२. डावीकडचा डोंगर जागच्या जागी खचतोय आणि उजवीकडे दुसरा उभा राहतोय असं दिसलं तर ईएक्स-१, कारण ज्या रेणूत तो भाग एकदा उघडला त्याचे सगळे अमाइड एकाच फटक्यात बदलले. एनएमआरमध्ये सगळ्या रेणूंची सरासरी दिसते, त्यामुळे हे दृश्य हरवतं.

प्रश्नकर्तीच्या तीस गायब अमाइडसाठीही आमची पद्धत बघण्यासारखी आहे. दहा सेकंदांचा नमुनासुद्धा घेता येतो. लेबल केलं की लगेच पीएच २.५ आणि शून्य अंश. तिथे अमाइड सगळ्यांत आळशी असतात. मग प्रथिनाचे तुकडे करायला पेप्सिन, जो त्या आम्लातही काम करतो, मग थंड कॉलम, मग यंत्र. हे सगळं काही मिनिटांत उरकावं लागतं, कारण कॉलमवर साधं पाणी असतं आणि बसलेला ड्युटेरियम परत निघून जायला लागतो. किती परत गेला ते पूर्ण ड्युटेरियम केलेला नमुना शेजारी चालवून काढतात. जे लोक तो नमुना चालवत नाहीत त्यांच्या टक्केवारीवर मी विश्वास ठेवत नाही, भले आलेख कितीही रंगीत असोत.

तोटा एवढाच की एका पेप्टाइडमध्ये आठ-दहा अमाइड असतात आणि आकडा त्यांचा मिळून येतो. तुमच्या सेरीनसारखी एकट्याची गोष्ट आम्हाला सहजासहजी मिळत नाही.

साखळीसुटी

वस्तुमान, आभारी आहे. आमच्याकडे ते यंत्र आहे पण कॉलम थंड ठेवायची सोय नाही.

गाइडना प्रोलिनचा हिशेब दाखवला. त्यांनी दोन मिनिटं कागद बघितला आणि म्हणाले, "मग हेलिक्सचं काय?" हेलिक्स आता दुरुस्तीनंतर ५.४ येतो. तिथे प्रोलिन काय करणार? उलट दिशेने वेगळा आहे तो.

जुना चुंबक

प्रश्न चांगला विचारला त्यांनी.

हेलिक्सचे पाचही अमाइड ५.४ म्हणतात आणि पट्टा ८.८. याचा एक अर्थ असा की अख्खं प्रथिन उलगडायची वाट न बघता हेलिक्स एकटाच सुटतो आणि परत लागतो, बाकीचं घर जागेवर. दुसरा अर्थ असा की हेलिक्स सुटतसुद्धा नाही, नुसता एकेक बंध कुठेतरी थरथरतो आणि तेवढ्यात पाणी आत शिरतं. नुसत्या आकड्यावरून या दोन्हींतला फरक कळत नाही.

कळतो तो थोडं ग्वानिडिन घालून. उलगडवण्याइतकं नाही, ०.५, १.० मोलर, जिथे प्रथिन फ्लुरोसन्सवर ठणठणीत घडीत दिसतं. इंग्लंडर यांच्या गटाने १९९५ मध्ये सायटोक्रोम सीवर हेच केलं आणि त्यातून त्या प्रथिनाचे तुकडे क्रमाक्रमाने सुटतात हे पुढे आलं. युक्ती अशी: जितका मोठा पृष्ठभाग उघडा पडतो तितकं ग्वानिडिन त्या उघडण्याला जास्त मदत करतं. अख्खं प्रथिन उघडत असेल तर ग्वानिडिनसमोर काढलेली स्थिरतेची रेघ तुझ्या वक्राच्याच उताराने, २.८ ने, खाली येणार. हेलिक्स एकटा सुटत असेल तर उतार लहान पण शून्य नाही. नुसती थरथर असेल तर रेघ आडवी, ग्वानिडिनला तिथे धरायला काहीच नाही.

पट्ट्यासाठी याचा आणखी एक फायदा. आत्ता तुझ्या व्हॅलिनचा अर्धायुकाल आठ दिवस आहे. १ मोलरमध्ये स्थिरता २.८ ने उतरली तर तो पावणेदोन तासांवर येतो. तीन आठवड्यांचं काम एका रात्रीत.

हेलिक्सची अडचण उलटी. तो आत्ताच वीस मिनिटांत निम्मा होतोय. ग्वानिडिन घातलंस की तुझ्या पहिल्या १२ मिनिटांतच संपेल. म्हणून त्याच्यासाठी मीटर ६.० वर उतर, सगळं दहापट हळू होईल. आधी शून्य ग्वानिडिनला ६.० वर एकदा करून घे. वेग दहापट घटला आणि स्थिरता तीच राहिली तर ईएक्स-२चा दुसरा पुरावाही फुकट मिळतो. तुझ्या तीस गायबांतलेही काही या पीडीला परत दिसतील. जे तरीही दिसणार नाहीत त्यांच्याविषयी "याहून कमी" एवढंच लिही, आकडा लिहू नकोस.

आता ग्वानिडिनची सूचना, ही मला एका पूर्ण महिन्याला पडली आहे. बाटलीतलं ग्वानिडिन तसंच जड पाण्यात घालू नकोस. त्याच्या प्रत्येक रेणूवर सहा हायड्रोजन आहेत आणि सहाही बदलतात. १ मोलर ग्वानिडिन म्हणजे ६ मोलर साधा हायड्रोजन. शुद्ध जड पाण्यात ड्युटेरियम ११० मोलर. म्हणजे तुझ्या ट्यूबमध्ये पाच टक्के साधा हायड्रोजन कायमचा. पीक कधीच शून्यावर जात नाही, पाच टक्क्यांवर टेकून बसतो. मी ते न कळून शून्यावर फिट करत होतो आणि शेपटी जुळेना म्हणून दोन वेगांचं समीकरण लावलं. मला "दुसरी अवस्था" सापडली होती! पोस्टरसुद्धा छापलं. ग्वानिडिन आधी जड पाण्यात विरघळवून सुकवायचं, असं दोन-तीनदा, मग वापरायचं. वजनावर विसंबू नकोस, शेवटी अपवर्तनांक मोजून मोलॅरिटी काढ.

आणि मंद पीकचं फिटिंग करताना शेवटची पातळी मोकळी सोडू नकोस. आठ दिवसांच्या अर्धायुकालाला पाच दिवसांचा डेटा असेल तर संगणक काहीही पातळी शोधून देईल. पाण्याचं प्रमाण माहीत आहे, तीच घाल. पीकची उंची न बदलणाऱ्या कुठल्या तरी मिथाइलच्या पीकने भाग, नाहीतर शिमिंगमधला (चुंबकक्षेत्र एकसारखं करण्यातला) फरक तुला जैवभौतिकी वाटेल.

थोडं अवांतर. आपण आज एचएसक्यूसी लावतो आणि एकेका अमाइडचं नाव घेऊन बोलतो. हे सगळं सुरू केलं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी, १९५० च्या दशकात. त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं. प्रथिनाच्या द्रावणातलं पाणी ते गोठवून उडवून घेत आणि त्याचा एक थेंब ब्रोमोबेंझीन-केरोसीनच्या उंच नळीत सोडत, जिच्यात वरून खाली घनता हळूहळू वाढत गेलेली असे. ड्युटेरियम जास्त तर थेंब जड, तो खाली जाऊन थांबणार. थेंब कुठे तरंगतोय ते बघायचं आणि इन्सुलिनचे किती हायड्रोजन बदलले ते सांगायचं. त्यावरून त्यांनी ओळखलं की घडी सतत उघडते आणि मिटते. तू तुझ्या सेरीनवर लावलास तो उघड-मीट हिशेब त्यांचाच.

आणि १९८८ च्या नेचरमध्ये एकाच अंकात लागोपाठ दोन लेख आहेत, एक उदगावकर आणि बाल्डविन यांचा रायबोन्यूक्लिएज एवर, दुसरा रोडर, एलोव्हे आणि इंग्लंडर यांचा सायटोक्रोम सीवर. घडी पडत असतानाच मिलिसेकंदांनी पीएचचा फटका मारून कुठला भाग आधी मिटला ते काढलं. सायटोक्रोममध्ये दोन टोकांचे हेलिक्स, साखळीत एकमेकांपासून सर्वांत लांब, ते आधी एकत्र येतात. तुझा हेलिक्स आधी सुटतो असं निघालं तर तो शेवटी लागत असेल का, हा पुढचा प्रश्न. पण तो पुढचा.

साखळीसुटी

साडेतीन आठवड्यांनी परत आले. धागा वर काढल्याबद्दल माफी.

जड पाण्यात ग्वानिडिनचा वक्र: ७.३. अगदी तो पाव किलोकॅलरी, मोजमापाच्या त्रुटीच्या मर्यादेत.

मीटर ६.० ला हेलिक्स, शून्य ग्वानिडिन: वेग नऊपट घटला, स्थिरता ५.३. पीएच ७ ला ५.४ होती.

ग्वानिडिन (तीनदा सुकवलं, अपवर्तनांक मोजला): हेलिक्सचे चार अमाइड ०.५ ला ४.८ आणि १.० ला ४.२. चौघांच्या रेघा एकमेकींवर बसतात, उतार १.२. पट्टा १.० ला ६.१, म्हणजे उतार २.७. गाइडनी ती हेलिक्सची रेघ बोटाने चाचपली, स्क्रीनवर, आणि काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन बिंदूंवर रेघ? ०.२५ आणि ०.७५ पण कर." म्हणजे पटलंय.

गोंधळ पाचव्याचा आहे. हेलिक्सचं पहिलं वळण, तिथलं ॲलानिन. आधी तोही ५.४ च्या गटात होता, पण ग्वानिडिनमध्ये त्याची रेघ जवळजवळ आडवी: ५.३, ५.२, ५.२. त्याला थरथर म्हणू? की असाइनमेंट (कुठलं पीक कुठल्या अमाइडचं ही ओळख) चुकली असेल? शेजारी एक पीक आहे, १ मोलरमध्ये दोन्ही एकमेकांवर चढतात.

जुना चुंबक

आधी असाइनमेंट. ग्वानिडिनने पीक सरकतात, तू कदाचित १ मोलरमध्ये शेजाऱ्याला मोजतेयस. साध्या पाण्यात, अदलाबदल न करता, ०, ०.२५, ०.५, ०.७५, १ असे एचएसक्यूसी घे आणि दोन्ही पीकच्या मागे मागे जा.

तरीही ते ॲलानिनच निघालं तर गोष्ट थरथरीवर मिटत नाही, अडचण उरतेच. हेलिक्स सुटतो तेव्हा तेही उघडं पडायला हवं आणि मग १ मोलरमध्ये त्याची स्थिरता ४.२ हून जास्त असूच शकत नाही. ५.२ असेल तर हेलिक्स सुटतानाही ते पहिलं वळण मिटलेलंच राहतं, म्हणजे सुटतो तो हेलिक्सचा फक्त पहिल्या वळणानंतरचा भाग. रचनेत बघ, त्या ॲलानिनचा हायड्रोजन नक्की कुणाला धरून आहे. पहिल्या वळणातल्या अमाइडना हेलिक्सच्या आतला जोडीदार नसतो.

साखळीसुटी

बघितलं. पट्ट्याच्या टोकाशी असलेल्या ॲस्पार्टेटच्या बाजूच्या साखळीला.

टायट्रेशन (ते ० ते १ मोलरचे एचएसक्यूसी) उद्या सकाळी लावते, यंत्र नऊपर्यंत मोकळं आहे.